ऊन पाण्याची वाट : कोकणातील उष्ण झऱ्यांचा इतिहास

सह्याद्रीची मुख्य रांग आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या कोकणपट्टीत, उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेर-सातिवलीपासून दक्षिणेस राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीच्या एका जवळजवळ सरळ रेषेवर ऊन पाण्याचे झरे ओळीने लागलेले आहेत. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाड तालुक्यातील सव, दापोली-खेडच्या डोंगराळ भागातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी ही या ओळीतली परिचित नावे असून, अशी एकूण ठिकाणे अठराच्या आसपास भरतात. यांपैकी काही ठिकाणे आज महामार्गाला लागून आहेत आणि तेथे मोटारीतून उतरून पाच मिनिटांत कुंडापाशी पोहोचता येते. परंतु शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत यांतली बहुतेक ठिकाणे रानात, नदीच्या पात्रात किंवा घाटाच्या पायथ्याशी, वस्तीपासून दूर पडलेली होती, आणि तेथवर जायचे म्हणजे बैलगाडी, होडी आणि पायपीट यांखेरीज दुसरा उपाय नव्हता. इतके कष्ट सोसून माणसे तेथे का जात राहिली, त्या जाण्याची रीत कशी बनली आणि कोणाला तेथे उतरू दिले गेले, हा प्रश्न देवस्थानांच्या इतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे.

प्रथम या पाण्याची जात समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी एक समज फार दृढ आहे. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा खडक, सर्वत्र पसरलेला असल्यामुळे हे झरे जमिनीखाली अजून धुमसत असलेल्या ज्वालामुखीमुळे तापतात, असे अनेकदा सांगितले व छापले जाते. हे खरे नाही. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि केव्हाच थंड झाला. कोकणात आज जिवंत ज्वालामुखी नाही. पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसे तापमान साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते, आणि पावसाचे पाणी खडकातल्या भेगांमधून पुरेसे खोल उतरले की ते तापते, हलके होते व दुसऱ्या एखाद्या भेगेवाटे पुन्हा वर येते. खोल जाण्याची आणि वर येण्याची वाट मोकळी असणे, हे या व्यवस्थेचे खरे मर्म आहे. कोकणच्या किनाऱ्याला समांतर जाणारे मोठे भंग आणि लाव्ह्याच्या थरांना आलेला बाक, ज्याला भूशास्त्रज्ञ पनवेलची वळी म्हणतात, यांमुळे अशा वाटा नेमक्या या पट्ट्यात तयार झाल्या, आणि झरे एका रेषेत का आहेत याचे उत्तरही त्यातच मिळते. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण तपासले असता हे पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसते. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर पडलेली सर जमिनीखालून फिरून कुंडात येते.

गंधकाविषयीही असेच म्हणावे लागेल. कोकणातल्या ऊन पाण्याला सर्रास गंधकाचे पाणी म्हणतात. पण रासायनिक पृथक्करणात या पाण्यात प्रामुख्याने सोडियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार आढळतात, आणि चवीलाही ते किंचित खारट लागते. हे खारेपण समुद्राच्या पाण्याचा अंश मिसळल्यामुळे आले की खडकाशी दीर्घकाळ संबंध आल्यामुळे, यावर अभ्यासकांमध्ये दोन मते आहेत. काही कुंडांपाशी कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो, आणि हा वायू इतक्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो की वासावरून गंधकाचे प्रमाण ठरवणे फसवे ठरते. कुंडाच्या तळातील वाळूतून अखंड वर येणारे बुडबुडे पाहून पाणी उकळते आहे असे वाटते, तेही खरे नाही. ते बुडबुडे मुख्यत्वे नायट्रोजनचे, म्हणजे हवेतल्याच वायूचे असतात. या ओळीतले सर्वांत ऊन पाणी उन्हवरे येथील असून तेही सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. तुरळचे पाणी साठाच्या आसपास, तर आरवली, उन्हेरे आणि राजापूर येथील पाणी चाळिशीच्या घरात, म्हणजे अंगाला सोसेल इतपतच ऊन असते. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. जेथे पाणी सोसवते तेथे माणूस थेट कुंडात उतरतो, आणि जेथे सोसवत नाही तेथे ते बाहेर काढून, निववून किंवा थंड पाण्यात मिसळून घ्यावे लागते. त्यामुळे कुंडांची बांधणी, पायऱ्यांची ठेवण आणि स्नानाची रीत ही गावोगाव वेगळी झाली.

ऊन पाण्याच्या झऱ्यावर जाण्याची प्रथा भारतात किती जुनी आहे, याचा एक उत्तम पुरावा मगधातल्या राजगृहाचा आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात तपोदा नावाच्या ऊन झऱ्याची कथा येते. राजा बिंबिसार स्नानासाठी तेथे गेला असता भिक्षू स्नान करीत होते. त्यांचे आटोपेपर्यंत राजा आदराने थांबला, भिक्षू अंधार पडेपर्यंत पाण्यात राहिले, आणि राजाचे स्नान होईतो नगराचे दरवाजे बंद झाल्यामुळे त्याला रात्र बाहेर काढावी लागली. त्यावरून भिक्षूंनी पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम झाला आणि पुढे उन्हाळा, आजारपण, अंगमेहनतीचे काम, प्रवास अशा प्रसंगांसाठी त्याला अपवाद जोडले गेले. या कथेचे महत्त्व असे की, ऊन झरा हा सर्वांचा असतो, तो एकाच वेळी सर्वांना पुरत नाही, आणि म्हणून त्याच्या वापराला नियम लागतो, ही जाणीव येथे स्पष्टपणे नोंदली गेली आहे. कोकणातल्या कुंडांचा पुढचा सगळा इतिहास या एका जाणिवेभोवती फिरतो.

वैद्यकाची परंपराही याला जोडून आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऊन पाण्याचे स्नान मानेखालच्या शरीराला बळ देणारे, पण डोक्यावर घेतल्यास केसांना व डोळ्यांना अपायकारक म्हटले आहे, आणि कोकणातल्या कुंडांवरची जुनी रीत या सांगण्याशी बरीच जुळते. अनुभवी माणूस एकदम पाण्यात उडी घेत नाही. तो आधी तांब्याने पायांवर पाणी घेतो, मग पायरीवर बसून पोटऱ्यांपर्यंत पाय सोडतो, अंगाला सवय झाली की कमरेपर्यंत उतरतो, थोड्याच वेळात बाहेर येतो आणि अंग पुसून सावलीत पडून राहतो. यामागे साधे शारीरिक कारण आहे. ऊन पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, आणि घाईने उठणाऱ्याला घेरी येते. सांधेदुखी, आखडलेले स्नायू आणि खरजेसारखे त्वचेचे विकार यांसाठी माणसे या झऱ्यांवर येत, आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंना उष्णतेने आराम पडतो याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्वचेच्या प्रत्येक रोगावर हे पाणी गुणकारी असल्याचा दावा मात्र श्रद्धेच्या प्रांतातला आहे.

श्रद्धेने या उष्णतेचा उलगडा आपल्या पद्धतीने केला होता. वज्रेश्वरीच्या परिसरात ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त असे सांगतात. सातपुड्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातील उनकेश्वर या कोकणाबाहेरच्या झऱ्यांवर रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून ऊन पाणी काढल्याची कथा आहे, आणि उनकेश्वरच्या कथेत शरभंग ऋषींचा त्वचारोग त्या पाण्याने बरा होतो. एकाच ऋषीची कथा शेकडो किलोमीटरांच्या अंतरावरच्या दोन झऱ्यांना चिकटावी, यावरून लोकांनी या पाण्याचा एकच गुण सर्वत्र ओळखला होता, असे अनुमान काढता येते. उनकेश्वरास यादवकालीन मराठी कोरीव लेख आहे, ही गोष्ट अशा आडवाटेच्या झऱ्यांकडेही राजसत्तेचे लक्ष होते, हे दाखवण्यास पुरेशी आहे.

कोकणात मात्र राजसत्ता आणि ऊन झरा यांचा सर्वांत ठळक संबंध वज्रेश्वरीस आला. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात मंदागिरी नावाच्या टेकडीवर हे देऊळ आहे. देवीचे मूळ स्थान उत्तरेस गुंज येथे होते आणि पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवी वडवली, म्हणजे आजच्या वज्रेश्वरी गावी आणली गेली, अशी परंपरा आहे. वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांकडे दोनशे वर्षे होता. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेऊन या मुलखावर मोहीम उघडली, आणि तिचे नेतृत्व करणारा चिमाजी अप्पा वसईच्या वाटेवर वडवलीच्या परिसरात मुक्कामास असताना त्याने देवीला नवस बोलला की, किल्ला हाती आला तर किल्ल्यासारखेच देऊळ बांधीन. वसईचा वेढा मराठ्यांना फार महागात पडला. सुरुंग, हल्ले आणि मोठी प्राणहानी यांनंतर १७३९ च्या मे महिन्यात किल्ला शरण आला, आणि वसईचा सुभेदार शंकराजी केशव फडके याने नवसाप्रमाणे देऊळ उभे केले. ते आजही आपल्या उगमाची साक्ष देते. भोवती किल्ल्याच्या धर्तीचा दगडी तट आहे, प्रवेशद्वारावर नगारखाना आहे, आणि वर जाणाऱ्या बावन्न पायऱ्यांमध्ये एके ठिकाणी सोनेरी कासव बसवलेले आहे. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा, तर पायऱ्या आणि समोरची दीपमाळ नाशिकच्या नानासाहेब चांदवडकर या सावकाराची. सरदाराचा नवस, संस्थानिकाची देणगी आणि सावकाराचे धर्मकार्य एकाच पायरीवाटेवर एकत्र यावेत, हा अठराव्या शतकानंतरच्या मराठी समाजरचनेचा एक छोटा पण बोलका नमुना मानावा लागेल.

देऊळ टेकडीवर आणि कुंडे मात्र नदीकाठी, ही रचना लक्षात घेण्याजोगी आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी यांच्यामधल्या काही किलोमीटरच्या टापूत तानसेच्या पात्रात व काठावर वीसएक कुंडे आहेत. त्यांतली काही काळ्या घडीव दगडांत बांधलेली, काही नुसत्या खडकातल्या खळग्यांसारखी, आणि शेजारशेजारच्या दोन कुंडांतल्या पाण्याची ऊब सारखी असतेच असे नाही. कडेच्या दगडांवर पाण्याच्या पातळीशी क्षारांची पांढरट रेघ उमटलेली असते, आणि पाणी वाहत जाऊन थोडे निवले की तळाला हिरव्या-तपकिरी शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, ज्यावरून पाय घसरतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की पात्रातली कुंडे पाण्याखाली जातात, गाळाने भरतात, आणि पूर ओसरल्यावर ती उपसून पुन्हा मोकळी करावी लागतात. म्हणजे कुंड टिकून राहण्यासाठी दरवर्षी कोणीतरी गाळ काढला पाहिजे, आणि शेकडो वर्षे तो काढला गेला. देवळांच्या बांधकामाची नोंद दात्याच्या नावानिशी राहते. गाळ काढणाऱ्या हातांची राहत नाही. याच तानसेवर वरच्या अंगास १८९२ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी धरण पुरे झाले, आणि तेव्हापासून या नदीचे वाहणे मुंबई शहराच्या तहानेशी बांधले गेले.

इतर झऱ्यांना वज्रेश्वरीसारखा राजाश्रय लाभला नाही, पण त्यांची जागा पाहिली की त्यांचे गिऱ्हाईक कोण होते याचा अंदाज येतो. ऊन पाण्याची रेषा सह्याद्रीच्या पायथ्याजवळून जाते, आणि देशावरून घाट उतरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटा या रेषेला आडव्या छेदतात. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढत, तर धान्य, गूळ आणि कापड खाली उतरे; बैलांच्या पाठीवर गोणी लादून दिवसेंदिवस चालणाऱ्या माणसांना घाट उतरल्यावर ऊन पाण्यात पाय सोडण्याचे सुख काय वाटत असेल, हे सांगण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज नाही. उन्हेरे हे सरसगडच्या पायथ्याच्या पालीपासून जवळ असल्याने बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणारा भाविक तेथे जाऊ लागला. तेथील कुंडांजवळ विठ्ठल-रखुमाईचे देऊळ असून एक कुंड कोमट आणि दुसरे त्याहून ऊन असल्याने येणारा आपल्या सोशिकतेप्रमाणे निवड करतो. उन्हवरे पन्हाळेकाजीच्या लेण्यांच्या टापूत आहे, जेथे बौद्ध, शैव आणि नाथ पंथांच्या साधकांनी शतकानुशतके डोंगर कोरला. अरण्यातली वस्ती, पाणी आणि साधना यांचे एकमेकांवाचून चालत नसे.

दक्षिणेकडच्या टोकाला राजापूरजवळ अर्जुना नदीच्या परिसरात उन्हाळे येथे झरा आहे, आणि त्याच गावच्या माळावर प्रसिद्ध गंगा आहे. ही गंगा म्हणजे कायम वाहणारा झरा नव्हे. ती साधारणपणे तीन वर्षांनी प्रकट होते, काही काळ चौदा कुंडे भरून वाहते आणि मग गुप्त होते, परंतु तिचे वेळापत्रक कधीच काटेकोर नसते. भूशास्त्राच्या दृष्टीने हा वक्रनलिकेचा, म्हणजे जमिनीखालची पोकळी एका ठरावीक पातळीपर्यंत भरल्यावर आपोआप रिकामी होण्याचा प्रकार असावा असे मत मांडले गेले आहे. गंगा आल्याची बातमी पसरली की कोकणातूनच नव्हे तर घाटावरूनही माणसांची रीघ लागे, आणि आधी ऊन झऱ्यावर स्नान, मग गंगास्नान आणि नंतर धूतपापेश्वराचे दर्शन असा क्रम रूढ झाला. राजापूर हे सतराव्या शतकातले मोठे बंदर होते, इंग्रजांनी तेथे वखार घातली होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. अशा गजबजलेल्या व्यापारी गावाच्या वेशीवर असूनही झऱ्याने आपले तीर्थपण राखले, ते या यात्रेच्या क्रमामुळेच.

या यात्रेच्या इतिहासातला सर्वांत कठीण भाग कुंडात कोण उतरू शकत होते हा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. बहुतेक कुंडे देवळांच्या आवारात किंवा त्यांना लागून असल्यामुळे देवळांची बंधने पाण्यालाही लागली. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी भिंत घालून निराळी कुंडे करण्याची सोय समजण्यासारखी आहे. पण ज्या पाण्याची ख्याती त्वचारोग बरे करण्याची, त्या पाण्यापासून जातीच्या नावाने माणसे दूर ठेवली जावीत, ही गोष्ट कोणत्याही कथेने वा रूढीने समर्थनीय ठरत नाही. सव ज्या महाड तालुक्यात आहे, त्याच महाडात पाण्याच्या हक्काचा लढा उभा राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, ज्यान्वये सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या व्हाव्यात असे ठरले. महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, पण तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावर सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी आणि तलाव यांच्याबरोबर स्नानाच्या घाटांचाही नावानिशी उल्लेख आहे. हा उल्लेख किती अनुभवातून आला आहे, हे कोकणातल्या कुंडांच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे नीट कळते. ऊन पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी दैत्य, बाण आणि नवस यांवर पाने खर्च केली आहेत, आणि कुंडात कोण उतरू शकत होते या प्रश्नापाशी मात्र ते थांबलेले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात या झऱ्यांची पद्धतशीर नोंद प्रथमच झाली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथांचे खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघाले. त्यांतील रत्नागिरीचा खंड १८८० सालचा, ठाण्याचा १८८२ चा आणि कुलाब्याचा १८८३ चा असून, त्यांत जिल्ह्यातल्या ऊन झऱ्यांची दखल घेतली गेली. १८८२ सालीच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने संस्थेचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली भारतातील ऊन झऱ्यांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली, आणि तीत सुमारे तीनशे झरे नोंदले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, रेडियमच्या शोधानंतर जगभर किरणोत्सारी पाण्याविषयी कुतूहल वाढले असताना, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर स्टाइकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या ऊन झऱ्यांच्या किरणोत्साराचा अभ्यास केला. त्या काळी किरणोत्सार हे आरोग्यदायी तत्त्व समजले जात होते. जी वस्तू एका पिढीला औषध वाटते तीच पुढच्या पिढीला भयप्रद वाटते, हे विज्ञानाच्या इतिहासातही घडते.

इतकी नोंद होऊनही इंग्लंडातील बाथ किंवा युरोपातील कार्ल्सबाड यांच्यासारखे आरोग्यनगर कोकणात एकही झाले नाही. याचे कारण हवामानात शोधले पाहिजे. उकाड्याने हैराण झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ऊन पाण्याचे आकर्षण नव्हते. त्याने थंड हवेसाठी महाबळेश्वर वसवले आणि कोकणात राहायचेच तर दापोलीची छावणी पसंत केली. एका अर्थाने ही उपेक्षा झऱ्यांच्या पथ्यावर पडली, कारण त्यांच्यावर काचेची छते, तिकिटे आणि नळ आले नाहीत, आणि ते गावकऱ्यांचे, वाटसरूंचे व आजाऱ्यांचेच राहिले.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले, आणि पालटाची सुरुवात गणेशपुरीला झाली. १९३०च्या दशकात भगवान नित्यानंद तेथील भीमेश्वराच्या देवळाजवळ येऊन राहिले, तेव्हा भोवती दाट रान होते आणि वाघाचा वावर होता. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यांचा पहिला विधी पहाटे ऊन कुंडात स्नान करण्याचा असे. मुंबई जवळ असल्यामुळे गिरण्यांतले कामगार, व्यापारी आणि नोकरदार येऊ लागले, रस्ता झाला, एसटी आली, धर्मशाळा आणि खानावळी उभ्या राहिल्या. ८ ऑगस्ट १९६१ रोजी नित्यानंदांनी देह ठेवला तेव्हा गणेशपुरी हे नावारूपाला आलेले क्षेत्र होते, आणि त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे पुढे परदेशी साधकही तेथे येऊ लागले. रानातला झरा एका पिढीत गाव झाला. आरवली, तुरळ आणि राजवाडीच्या बाबतीत हेच काम मुंबई-गोवा महामार्गाने आणि १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेने केले, फक्त तेथे संताच्या जागी पर्यटक आला.

१९७०च्या दशकात तेलाच्या किमती भडकल्यावर ऊन झऱ्यांकडे ऊर्जेचा स्रोत म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पश्चिम किनारपट्टीवरही शोधविवरे घेऊन तपासणी केली. कोकणातल्या पाण्याचे खोलवरचे तापमान शंभर अंशांच्या वर जात असावे असे अनुमान निघाले, तरी वीज काढण्याच्या दृष्टीने लडाखमधील पुगा खोऱ्यासारखी ठिकाणे अधिक आश्वासक ठरली आणि कोकणात वीजकेंद्र झाले नाही. अलीकडे झऱ्यांवरचा दाब निराळ्या दिशेने येतो आहे. वर सांगितल्याप्रमाणे झऱ्याचे अस्तित्व खोल जाणाऱ्या आणि वर येणाऱ्या भेगांवर अवलंबून असते. कुंडाच्या जवळपास ऊन पाण्यासाठी विंधनविहीर घेतली, तर त्याच भेगेतले पाणी पंपाने ओढले जाऊन कुंडाची पातळी खाली जाऊ शकते, आणि तळाला सिमेंटचा कोबा केला तर वाळूतून वर येणारी वाट बुजून पाणी दुसरीकडे फुटू शकते. सुशोभीकरणाच्या नावाखाली जुने घडीव दगड काढून गुळगुळीत फरशा बसवल्या की पाय घसरण्याचा धोका वाढतो आणि शतकांची बांधणी एका हंगामात नाहीशी होते. साबण, कपडे धुण्याची पूड आणि निर्माल्य यांनी जे होते ते डोळ्यांना दिसते, म्हणून त्याविषयी फलक लागतात. जमिनीखाली जे होते ते दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींचे मोल येथे कळते. त्या काळच्या कर्मचाऱ्याने हातात उष्णतामापक घेऊन, पायी चालत जाऊन प्रत्येक झऱ्याचे तापमान टिपले, म्हणूनच आजच्या आकड्यांशी तुलना करता येते. हे काम पुढे चालवण्यास मोठा खर्च लागत नाही. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत हे झरे आहेत त्यांनी आणि जवळच्या महाविद्यालयांच्या भूगोल व रसायनशास्त्र विभागांनी मिळून, एक उष्णतामापक, एक मोजकी बादली आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यावर, दर महिन्याला प्रत्येक कुंडाचे तापमान आणि प्रवाह मोजून वहीत नोंदवावा, ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात कायम ठेवावी, आणि कुंडाच्या परिसरात नवी विंधनविहीर किंवा काँक्रीटचे काम करण्याआधी ती वही उघडून पाहण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा.